रुजू : हिशेबतपासनिसाची दोन हजार वर्षें

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावड्याच्या पुढें वैशाखरे हें गांव लागतें. भाताचीं खाचरें, वरई-नाचणीचे उतार, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि पूर्वेला आकाशाला टेकलेली सह्याद्रीची भिंत, असें ह्या मुलखाचें रूप आहे. ह्या गांवाजवळूनच एक जुनी पायवाट रानांतून वर चढते आणि दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडींत शिरते. तोच नाणेघाट. खालीं ठाणें जिल्हा, वर पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुका. सातवाहनांच्या काळीं सोपारें व कल्याण ह्या बंदरांत उतरलेला माल ह्याच वाटेनें जुन्नरला व तेथून पैठणला जात असे.

खिंडीच्या माथ्याशीं दगडांत कोरलेला एक मोठा रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात ह्या रांजणांत टाकीत अशी परंपरागत समजूत आहे, आणि घाटाचें नांवहि त्या नाण्यांवरूनच पडलें असें सांगतात. धापा टाकीत वर आलेला प्रवासी रांजणाकडे कौतुकानें पाहतो आणि पुढें जातो. परंतु ज्याचा व्यवसाय हिशेब तपासण्याचा आहे, तो मनुष्य तेथें क्षणभर थबकेल. ह्या रांजणांत किती नाणीं पडलीं हें मोजीत कोण असे? आणि मोजणाऱ्यावर नजर कोणाची असे?

सरकारी कचेऱ्यांतील संगणक आणि त्यांत सांठविलेल्या नोंदी तपासणारा जो वरिष्ठ अधिकारी असतो, त्याला आज माहिती-प्रणालीचा लेखापरीक्षक म्हणतात. नांव नवें आहे, यंत्र नवें आहे. पण त्याच्या साऱ्या विद्येचें मूळ रांजणाजवळच्या ह्या प्रश्नांत आहे. त्याची वंशावळ शोधूं गेल्यास ती ह्याच डोंगरापासून सुरू करतां येते.

रांजणापासून जवळच कातळांत खोदलेलें एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत आणि प्राकृत भाषेंत सातवाहन राणी नागनिका हिचा प्रदीर्घ लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत केव्हां तरी तो कोरला गेला. राजा सातकर्णीच्या ह्या राणीच्या लेखांत अश्वमेधादि यज्ञांची नामावळी आहे, आणि प्रत्येक यज्ञाच्या वेळीं काय दिलें ह्याची गणना आहे. गाई, घोडे, हत्ती, गांवें आणि कार्षापण नांवाचीं नाणीं. एके ठिकाणीं ११,००० गाई, तर दुसऱ्या ठिकाणीं २४,४०० कार्षापण. शून्याचें चिन्ह तेव्हां नव्हतें. वीस हजार, चार हजार आणि चारशें ह्यांचीं स्वतंत्र चिन्हें शेजारीं शेजारीं मांडून ती रक्कम लिहिली आहे. एकोणिसाव्या शतकांत पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित ब्यूलर ह्यांनीं ह्या चिन्हांचा उलगडा केला, आणि भारतीय अंकांच्या इतिहासांत नाणेघाटाला मानाचें स्थान मिळालें.

महाराष्ट्रांत कांहीं कायमचें ठरलें म्हणजे ‘काळ्या दगडावरची रेघ’ असें म्हणतात. नाणेघाटांतील लेख तर शब्दशः तशी रेघ आहे. तरीहि हिशेबतपासनिसाला त्यानें समाधान होणार नाहीं. कारण लेख देणाऱ्याचा आहे. घेणाऱ्याची पावती त्यांत नाहीं, आणि दोहोंशीं संबंध नसलेल्या तिसऱ्या कोणाची साक्षहि नाहीं. राणीनें खोटें लिहिलें असा ह्याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच कीं, तिनें जें लिहिलें तें जाहीर निवेदन आहे. तपासलेला हिशेब नव्हे. दगड अक्षरें टिकवितो, खरेपणाची हमी देत नाहीं. आणि दगड तरी काय टिकवितो? त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यांतील व्यक्तींच्या आठ मूर्ति होत्या. आज वर कांहींचीं नांवें वाचतां येतात आणि खालीं पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. मधल्या मूर्ति गेल्या आहेत.

लिहिणारा एक आणि पडताळणारा दुसरा, हा भेद राज्यकारभारांत स्पष्टपणें पाहावयाचा असेल तर शिवकालाकडे यावें लागतें. कृष्णाजी अनंत सभासद ह्यानें १६९७ सालीं जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत गडांच्या व्यवस्थेचें वर्णन आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी. तिघांनीं मिळून कारभार करावयाचा. एकट्याच्या हातीं गड नाहीं. अंबारखान्याचा व सामानाचा हिशेब ठेवावयास कारखानीस आणखी निराळा. ही व्यवस्था फितुरीच्या भयानें केलेली होती हें खरें. पण तिच्यांतील तत्त्व हिशेबाच्या शास्त्राचें आहे. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्या हातीं वही नसावी. आणि ज्याच्या हातीं वही, त्याच्याजवळ किल्ली नसावी.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांतहि हाच विचार दिसतो. मुजुमदार म्हणजे अमात्य ह्यानें राज्याच्या जमाखर्चाचा हिशेब पाहावयाचा. सुरनीस म्हणजे सचिव ह्यानें राजपत्रें शोधावयाचीं, म्हणजे त्यांतील मजकूर बरोबर आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. जुनीं मराठी कागदपत्रें हाताळणाऱ्यांना त्यांच्या कडेला किंवा पाठीवर ‘रुजू’ हा लहानसा शेरा वारंवार भेटतो. रुजू म्हणजे पडताळून पाहिलें, मेळ बसला. मजकूर संपतांच शेवटीं मोर्तब उठवीत, कीं त्याखालीं मागाहून एक ओळहि वाढवितां येऊं नये. कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून लांब पत्र केलेलें असे, तेव्हां सांध्यावर पाठीमागून शिक्का मारीत, कीं मधला बंद काढून दुसरा घालतां येऊं नये. पत्र दप्तरांतील नोंदवहींत चढलें म्हणजे ‘बार’ असा शेरा पडे. लेखक, तपासणारा, शिक्का आणि नोंद अशा चार निरनिराळ्या खुणा एका कागदावर उमटत. बनावट पत्र करणाराला अक्षर वळवितां येईल. पण चारहि हात एकदम वळविणें कठीण.

पेशवाईंत ही पद्धति जिल्ह्याजिल्ह्यांत पोंचली. मामलेदाराच्या हाताखालीं दरखदार म्हणून अधिकारी असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार इत्यादि. हाताखालीं म्हणावयाचें, परंतु मामलेदाराला त्यांना कामावरून दूर करतां येत नसे. हिशेब आधीं मुजुमदारानें पाहून सही करावयाचा, मग तो फडणिसाकडे जावयाचा. मामलेदारानें रयतेकडून जास्त घेतलें किंवा सरकारांत कमी भरलें, तर तें हुजुरास कळविण्याची वाट अशी त्याच्या स्वतःच्याच कचेरींतून जात असे. पुण्यास हुजूर दफ्तर होतें. त्यांत दोनशेंहून अधिक कारकून काम करीत. महालांचे बेहडे, म्हणजे वर्षाच्या अपेक्षित जमाखर्चाचे अंदाज, तेथें ठरत. रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद तयार होई. आणि एकबेरीज दफ्तरांत साऱ्या राज्याचे आंकडे एकत्र येत.

ह्या व्यवस्थेचा शेवट विचार करण्यासारखा आहे. नाना फडणिसांच्या काळापर्यंत काटेकोर राहिलेलें हें दफ्तर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत विस्कळीत झालें. त्याचें कारण कारकुनांचा आळस एवढेंच नव्हतें. महाल मक्त्यानें देण्याची पद्धति पडली. मक्तेदारानें ठरलेली रक्कम भरली कीं रयतेकडून त्यानें काय वसूल केलें हें विचारण्याचें सरकारास प्रयोजन उरलें नाहीं. जेथें राज्यकर्त्यालाच उत्तर ऐकावयाचें नसतें, तेथें तपासनिसाचा प्रश्न आपोआप मुका होतो. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावयाची, अशी रयतेची स्थिति झाली. पुढें हें दफ्तर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतरच्या वर्षांत प्रसिद्ध झाले, तेव्हां ह्या हिशेबी परंपरेची ओळख सामान्य वाचकांस झाली.

इंग्रजी अमदानींत हिशेबतपासणीला निराळें खातें मिळालें. १८६० सालीं सर एडमंड ड्रमंड हे हिंदुस्थानचे पहिले ऑडिटर जनरल झाले. आरंभीं हें खातें सरकारच्या इतर खात्यांसारखेंच सरकारच्या मुठींत होतें. १९१९ च्या व १९३५ च्या कायद्यांनीं त्या पदाला क्रमाक्रमानें स्वातंत्र्य दिलें. १९४८ सालीं व्ही. नरहरि राव हे त्या जागीं येणारे पहिले भारतीय. घटना समितींत १९४९ च्या मे महिन्यांत ह्या पदाविषयीं चर्चा झाली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा अधिकारी घटनेंतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असें मत मांडलें, आणि त्याचें कर्तव्य न्यायसंस्थेहूनहि महत्त्वाचें असल्याचें सांगितलें. घटनेच्या १४८ व्या अनुच्छेदानें नियंत्रक व महालेखापरीक्षकाला जें संरक्षण दिलें आहे, तें पाहिलें म्हणजे दरखदारांची आठवण होते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीनें दूर करतां येतें त्याच रीतीनें ह्या अधिकाऱ्याला दूर करतां येतें, एरवीं नाहीं. आणि निवृत्तीनंतर त्याला सरकारांत दुसरें पद धरतां येत नाहीं. आशा आणि भीति ह्या दोन दोऱ्या कापल्यावरच तपासनिसाचा हात मोकळा होतो, हें घटनाकारांनीं ओळखलें होतें.

आतां वैशाखऱ्याकडे परत यावयास हरकत नाहीं. कारण राज्याच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा दुसरा एक हिशेब गांवच्या चावडींत असतो, आणि तो म्हणजे जमिनीचा. मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणीची पद्धति सुरू झाली. गांवनमुना सात म्हणजे जमीन कोणाची, गांवनमुना बारा म्हणजे तींत काय पिकलें. ह्या दोहोंचा मिळून सातबारा. त्यांतील नांव बदलावयाचें तर आधीं गांवनमुना सहांत, म्हणजे फेरफाराच्या वहींत, नोंद व्हावयास पाहिजे. तलाठ्यानें नोंद लिहावयाची, संबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकत आल्यास ती ऐकली जावयाची आणि मग वरच्या अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची. लिहिणारा एक, रुजू करणारा दुसरा. पेशव्यांच्या मुजुमदाराचें तत्त्व येथें शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलें.

एका नांवाची किंमत काय असते, हें ह्या मुलखानें १९५७ सालीं पाहिलें. कूळ कायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ ह्या दिवशीं कसणारें कूळ जमीन खरेदी केल्याप्रमाणें मानलें गेलें. मग प्रश्न आला, कूळ कोण? वर्षानुवर्षें चिखलांत उभें राहून भात लावणाऱ्याचे हात साक्ष देऊं शकत नाहींत. साक्ष वही देते. पीकपाहणींत ज्याचें नांव होतें त्याचा दावा बळकट, ज्याचें नव्हतें त्याला पुरावे गोळा करीत फिरणें प्राप्त. लिहितां-वाचतां न येणाऱ्या कुटुंबाला आपलें नांव कागदावर आहे कीं नाहीं हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागे. म्हणून नोंदीचा खरेपणा ही कचेरींतील लोकांची बाब नव्हे. ती चुलीवर शिजणाऱ्या भाताची बाब आहे.

मग नोंद कागदावरून यंत्रांत गेली. यंत्र चूक करीत नाहीं अशी जी भाबडी श्रद्धा असते, तिला पहिला मोठा धक्का अमेरिकेंत बसला. लॉस एंजेलिस येथील इक्विटी फंडिंग नांवाच्या कंपनीनें विम्याचे हजारों ग्राहक संगणकांत निर्माण केले, ते कोठेंहि जन्मलेले नसतांना. १९७३ सालीं प्रकरण उघडकीस आलें तेव्हां कंपनीच्या सुमारें ९७,००० पॉलिसींपैकीं ६४,००० च्या आसपास बनावट आढळल्या. बनावट ग्राहकांना हप्त्याचें बिल जाऊं नये म्हणून त्यांच्यापुढें ९९ हा संकेतांक घातलेला होता. हिशेबतपासनिसांनीं एखाद्या ग्राहकाची फाइल मागितली, तर ती रातोरात तयार करून दुसऱ्या दिवशीं टेबलावर ठेवीत. तपासनीस यंत्रांतून छापून आलेल्या कागदांवर खुणा करीत राहिले. यंत्राच्या पोटांत कोणी डोकावलें नाहीं. शेवटीं गौप्यस्फोट झाला तो कंपनींतूनच गेलेल्या एका मनुष्याच्या सांगण्यामुळें.

यंत्राच्या पोटांत डोकावणारा तपासनीस पाहिजे, ही जाणीव त्याच सुमारास वाढूं लागली होती. अमेरिकेंतील अशा तपासनिसांनीं १९६९ मध्येंच आपला संघ स्थापिला होता. १९७८ पासून त्यांनीं ह्या विद्येची परीक्षाहि सुरू केली. निरनिराळ्या राष्ट्रांच्या सरकारी लेखापरीक्षा-संस्थांची जागतिक संघटना १९५३ पासून अस्तित्वांत आहे. तिनें १९८९ सालीं संगणकांच्या लेखापरीक्षेसाठीं खास समिति नेमली आणि तिचें अध्यक्षपद भारताकडे आलें. पुढें २००२ सालीं महालेखापरीक्षकांनीं नोएडा येथें ह्या विषयाचें आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभारलें. मुंबई-नागपूरच्या महालेखापाल कार्यालयांतील ज्या मंडळींचा जन्म वह्या चाळण्यांत गेला होता, त्यांच्या विद्येला अशी नवी शाखा फुटली.

ह्या शाखेंतील वरिष्ठ अधिकारी करतो तरी काय? त्याच्या हातीं कुलूप नसतें, दंडा नसतो, शिक्षेचा अधिकार तर नसतोच. एखाद्या खात्याची संगणक-व्यवस्था तपासावयास तो जातो, तेव्हां प्रथम तो यंत्राकडे पाहत नाहीं, कायद्याकडे पाहतो. नियमाप्रमाणें काम कसें चालावें हें समजून घेतल्यावाचून यंत्र तें तसें चालवितें कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. त्यानंतर तो पाहतो कीं नोंद आंत शिरतांना तिला कोणी अडवितें काय. जन्मतारखेच्या रकान्यांत पुढच्या वर्षाची तारीख घातली तर यंत्र ती निमूटपणें घेतें काय? एकच मनुष्य दोनदां नांव नोंदवूं शकतो काय? नियमानें जो रकाना रिकामा राहूं नये, तो रिकामा ठेवून पुढें जातां येतें काय?

मग येतो अधिकारांचा प्रश्न, आणि येथें अनुभवी तपासनीस अधिक वेळ घालवितो. समजा, एका अधिकाऱ्यानें नोंद लिहावी आणि दुसऱ्यानें ती प्रमाणित करावी असा नियम आहे. यंत्रांतहि दोघांचे पासवर्ड निराळे आहेत. कागदावर सारें यथास्थित दिसतें. परंतु दुसऱ्या अधिकाऱ्याला वेळ नाहीं, म्हणून त्यानें आपला पासवर्ड पहिल्याला सांगून ठेवला, तर काय होईल? यंत्राला दोन नांवें दिसतील. प्रत्यक्षांत हात एकच असेल. शिवकालीन गडावरील तिन्ही अधिकाऱ्यांनीं आपल्या किल्ल्या एकाच खुंटीला अडकवून ठेवल्या तर जी स्थिति होईल, तीच ही. असा प्रकार हुडकून काढण्यासाठीं तपासनीस नोंदींच्या वेळा पाहतो. नोंद आणि तिचें प्रमाणपत्र ह्यांत क्षणांचेंच अंतर असेल, किंवा दोन्ही एकाच यंत्रावरून आणि दिवसामागून दिवस त्याच रीतीनें झालीं असतील, तर त्याच्या मनांत शंकेची पाल चुकचुकते.

पुढचा प्रश्न ‘बारा’चा. संगणकांत कोणी, केव्हां, काय बदललें ह्याची आपोआप टिपण राखणारी वही असते. ती चालू आहे काय? तिच्यांतील ओळ पुसण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याच्या कृत्यांची ती नोंद, त्यालाच ती पुसतां येत असेल तर ती वही नव्हे, फळा आहे. ज्या आज्ञावलीवर सारी व्यवस्था चालते ती कोणी बदलली, कोणाच्या लेखी हुकुमानें बदलली, हेंहि तो विचारतो. आणि सांठविलेल्या माहितीची दुसरी प्रत ठेवली आहे असें कचेरी सांगते, तेव्हां तो ती प्रत उघडून दाखवावयास लावतो. कोठाराची किल्ली आहे एवढ्यानें धान्य आहे असें ठरत नाहीं.

ह्या साऱ्या शंका तो तोंडीं बोलत नाहीं, लिहून देतो. सरकारी लेखापरीक्षेंत अर्धसमास म्हणून एक जुनी चाल आहे: पानाच्या अर्ध्या भागांत तपासनिसाचा प्रश्न, उरलेल्या अर्ध्यांत कचेरीचें उत्तर. कागदाची ती उभी घडी म्हणजे ह्या व्यवसायाचें व्रत आहे. आरोप एकट्यानें उभा राहूं नये, शेजारीं उत्तराला तितकीच जागा असावी. उत्तर समाधानकारक असेल तर प्रश्न तेथेंच संपतो. नसेल तर तो अहवालांत चढतो, राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि संसदेपुढें वा विधिमंडळापुढें ठेवला जातो. तेथून पुढें लोकलेखा समिति आणि लोक.

अलीकडचीं दोन उदाहरणें घेतां येतील. आधार-व्यवस्थेवरील महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२२ सालीं संसदेपुढें आला. एका व्यक्तीला एकच क्रमांक हा त्या योजनेचा पाया. पण नोव्हेंबर २०१९ पर्यंत ४,७५,००० हून अधिक क्रमांक दुबार ठरून रद्द करावे लागले होते, हें अहवालानें नमूद केलें. दुसरें उदाहरण आयुष्मान भारत ह्या आरोग्य-योजनेचें. २०२३ च्या ऑगस्टमध्यें मांडलेल्या अहवालांत असें दिसलें कीं, ७,४९,८२० लाभार्थ्यांपुढें एकच दूरध्वनी क्रमांक लिहिलेला आहे, आणि त्यांतील दहाहि आंकडे नऊ आहेत. शासनाचें उत्तर असें होतें कीं, लाभार्थ्याची ओळख दूरध्वनी क्रमांकावरून पटवीत नाहींत. तो केवळ संपर्कासाठीं असतो, आणि आरंभीं कांहीं ठिकाणीं रकाना कसाहि भरला गेला. हें उत्तर ग्राह्य धरलें, तरी प्रश्न उरतोच. यंत्रानें तो क्रमांक साडेसात लाख वेळां स्वीकारला आणि एकदांहि विचारलें नाहीं कीं, हा मनुष्य आहे तरी कोण? लॉस एंजेलिसच्या कंपनींत दोन नऊ चोरीची खूण होते. येथें दहा नऊ बेफिकिरीची खूण ठरले. चोरी आणि बेफिकिरी एक नव्हेत, आणि चांगला तपासनीस त्यांत गल्लत करीत नाहीं. पण दोहोंना आंत येण्याची वाट एकच असते, आणि ती वाट दाखवून देणें हें त्याचें काम.

महाराष्ट्रांत सातबारा संगणकांत घालण्याचें काम झालें, तेव्हांहि अशीच एक परीक्षा आली. हाताच्या जुन्या सातबाऱ्यांतील नोंदी आणि यंत्रांतील नोंदी तंतोतंत जुळत नाहींत, हें ध्यानांत आलें. नांवांत कानामात्रेचा फरक, क्षेत्रांत एखाद्या आंकड्याचा, कोठें वारसाचें नांवच गळालेलें. कागदावरची खाडाखोड निदान डोळ्यांना दिसते. यंत्रांतील चूक मात्र शुद्ध अक्षरांत छापून येते आणि म्हणूनच अधिक खरी वाटते. ह्या चुका काढण्यासाठीं महसूल खात्यानें दुरुस्तीची खास आज्ञावली तर वापरलीच; परंतु २०१७ सालीं जो उपाय योजिला तो ह्या साऱ्या इतिहासांत उठून दिसणारा आहे. गांवोगांवीं चावडीवाचन झालें. संगणकांतून काढलेले सातबारे लोकांपुढें वाचून दाखवावयाचे, ज्याचें शेत त्यानें ऐकावयाचें, चूक असेल तर तेथेंच सांगावयाचें. त्यानंतर १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळूं लागला.

डिजिटल स्वाक्षरी ही फार कुशल वस्तु आहे. सहीनंतर एक अक्षर जरी बदललें तरी ती बदल झाल्याचें सांगते. जुन्या मोर्तबाचें आणि सांध्यावरच्या शिक्क्याचें काम ती एकटी करते. परंतु सहीच्या आधीं आंत शिरलेली चूक ती ओळखीत नाहीं. उलट त्या चुकीवरहि तितक्याच निष्ठेनें पहारा करते. म्हणून आधीं वाचन आणि मग मोर्तब, हा क्रम महत्त्वाचा. जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाप्रमाणें लेखनप्रमाद मागाहून दुरुस्त करतां येतो, हें खरें. पण त्यासाठीं आधीं तो कोणाच्या तरी ध्यानांत यावा लागतो. आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाडींतून मुरबाडच्या तहसील कचेरींत जाणें म्हणजे ज्याचें हातावर पोट आहे त्याची एका दिवसाची मजुरी बुडणें होय.

येथें ह्या वंशावळीचा धागा पुरा होतो. दगड, कागद आणि वीज, तिन्ही पदार्थांनीं आलटून पालटून नोंद सांभाळली, आणि प्रत्येक वेळीं लोकांना वाटलें कीं आतां पदार्थच खरेपणाची हमी देईल. ती हमी कोणत्याच पदार्थानें दिली नाहीं. ती दिली दुसऱ्या हातानें: मुजुमदाराच्या शेऱ्यानें, महालेखापरीक्षकाच्या अहवालानें आणि भर चावडींत उठून हें नांव माझ्या बापाचें नव्हे असें सांगणाऱ्या शेतकऱ्यानें. संगणकापुढें बसलेला वरिष्ठ लेखापरीक्षक कितीहि निष्णात असला तरी त्याला थोड्याच नोंदी निवडून पाहतां येतात. उरलेल्यांचा तपासनीस ज्याची नोंद तोच असतो. त्याला ती वाचून दाखविली जाते कीं नाहीं, हें मात्र तपासनिसानें पाहावयाचें.

पावसाळ्यांत नाणेघाटाच्या रांजणांत पाणी सांचतें. खालीं वैशाखऱ्याच्या खाचरांत त्याच दिवसांत लावणी चाललेली असते. वाकलेल्या त्या माणसांची नांवें कोठल्या तरी दूरच्या यंत्रांत लिहिलेलीं आहेत. तीं जशीच्या तशीं आहेत असें म्हणणारा एक शब्द मराठींत फार दिवसांपासून आहे, आणि त्याचें काम अजून संपलेलें नाहीं: रुजू.